जे परत आणायचे ते

लेण्याद्रीच्या पायऱ्या शक्यतो सकाळी लवकर चढा. तीनशेच्या आसपास आहेत, घाई करू नका. सातव्या लेण्यात गिरिजात्मजाचे दर्शन घ्यायचे असेल तर घ्या, आणि मग गर्दीतून बाजूला होऊन एखाद्या रिकाम्या लेण्यात शिरा. आत भिक्षूंच्या लहान लहान खोल्या आहेत. दगडातच कोरून काढलेला ओटा असलेली एखादी खोली पाहा आणि तिथे बसा. देवळातली घंटा मधूनमधून ऐकू येईल, पोरे आवाज घुमवून पाहतील. असू द्या. शांतता मिळालीच पाहिजे असा हट्ट धरणाऱ्याचे अर्धे लक्ष त्या हट्टातच जाते. ज्यांना लेण्याद्री लांब पडते त्यांनी घोडेगावात, मंचरला, स्वतःच्या ओसरीवर बसले तरी काही बिघडत नाही.

पायऱ्या चढून दम लागला असेल. तो दम आधी पाहा.

मांड्यांच्या स्नायूंनी साखर आणि चरबी जाळली, त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार झाला. पाण्यात विरघळला की त्याचे कार्बोनिक आम्ल होते, म्हणून तो रक्तात साचून चालत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींना ही वाढ कळते आणि छाती भराभर हलू लागते. आता बसल्या जागी श्वास हळूहळू खाली येतो आहे. येऊ द्या. दिवसभरात आपण सुमारे १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. मिलिमोल म्हणजे काय ते आत्ता बाजूला ठेवा, आकडा तेवढा लक्षात असू द्या.

ध्यान शिकवणारे बहुतेक सगळे श्वासापासून सुरुवात करतात, आणि ते समजण्यासारखे आहे. श्वास जाणवतो आणि थोडाफार आपल्या हातातही असतो. मुद्दाम भराभर श्वास घेतला की काही क्षणांत बोटांना मुंग्या येतात, कारण कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो आणि रक्त जरा जास्त अल्कलीकडे झुकते. पुन्हा सावकाश श्वास घेतला की मुंग्या जातात. सगळा मामला मिनिटांचा. आज ज्याकडे लक्ष न्यायचे आहे ते मात्र मिनिटांच्या हिशेबात चालत नाही. तिथे तासांचा, दिवसांचा हिशेब असतो, आणि जाणवत तर काहीच नाही.

दोन्ही तळहात पाठीमागे न्या. कमरेवर नव्हे, थोडे वर, शेवटच्या बरगड्या कण्याला मिळतात तिथे. कंबर धरली की किडनी बिघडली असे वाटणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण बहुतेक वेळा ती नुसती कंबरच असते. तळहात टेकवले की त्यांची ऊब पाठीला जाणवेल. त्या उबेच्या आत, स्नायूंच्या आणि चरबीच्या थराखाली, दोन मूत्रपिंडे आहेत. एकेक दहा ते बारा सेंटिमीटर लांब, वजनाने दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर. वर यकृत असल्यामुळे उजवे जरासे खाली. दोन्ही मिळून शरीराच्या वजनाचा दोनशेवा भाग भरेल न भरेल. पण हृदय जेवढे रक्त फेकते त्यातले जवळजवळ पाचव्या हिश्श्याचे रक्त त्यांच्याकडे जाते. मिनिटाला एक लिटरहून जास्त.

इथे थोडे थांबा. हृदयाचा ठोका जाणवत असेल तर पाच ठोके मोजा, आणि त्यातला एक पूर्ण ठोका या दोघांच्या नावे सोडा.

आता आत जाऊ. मोठी धमनी फुटत फुटत बारीक होते आणि शेवटी केसाहून कितीतरी बारीक वाहिन्यांचा एकेक गुंता होतो. प्रत्येक मूत्रपिंडात असे साधारण दहा लाख गुंते असतात, कुणाकडे बरेच कमी, कुणाकडे बरेच जास्त. जन्माला येताना जेवढे घेऊन आलो तेवढेच, नंतर नवा एकही तयार होत नाही. गुंत्याच्या भिंतीला तीन पदर आहेत. पहिला वाहिनीचा, त्याला भोके. मधला पातळ पडद्यासारखा. तिसरा अशा पेशींचा की ज्यांनी आपले पाय एकमेकांत गुंफून मध्ये फटी ठेवल्या आहेत. रक्ताच्या दाबाने पाणी या तिन्ही पदरांतून पलीकडे जाते. तांबड्या पेशी जात नाहीत, त्या फार मोठ्या. अल्ब्युमिन नावाचे प्रथिन जवळजवळ जात नाही, कारण एक तर ते मोठे, शिवाय त्याच्यावर ऋण विद्युतभार आणि भिंतीवरही ऋणच.

पण बाकीचे? बाकीचे सगळे जाते. युरिया जातो, ते ठीकच. पण साखरही जाते. सोडियम जाते, पोटॅशियम जाते, प्रथिनांचे सुटे घटक जातात, आणि पाणी तर इतके जाते की दिवसाचे १८० लिटर भरावे. अंगात रक्तातला पातळ भाग आहेच मुळी तीन लिटरच्या आसपास. म्हणजे तोच तीन लिटरचा साठा दिवसातून साठ वेळा भिंतीपलीकडे सांडला जातो.

मला हे पहिल्यांदा नीट कळले तेव्हा उधळपट्टी वाटली होती. घाण काढायची तर घाण काढावी, त्यासाठी सगळे घर रिकामे कशाला करायचे? पण आपल्या भागातल्या कांद्याच्या बराखीशी ज्याचा संबंध आला आहे त्याला हे पटकन उमजेल. उन्हाळी कांदा भरून ठेवलेला असतो, पावसाळ्यात आतून वास यायला लागतो. हात घालून सडका कांदा शोधत बसले तर तो सापडत नाही, हाताला चांगलेच लागतात. मग बायका बराख बाहेर ओततात, पसरतात, आणि चांगला कांदा उचलून बाजूला घेतात. उचलायचे राहील ते उकिरड्यावर. सडण्याचे प्रकार पन्नास असोत, ते ओळखत बसावे लागत नाही, चांगला कांदा ओळखता आला की पुरे.

मूत्रपिंडाचा कारभार मुख्यतः असाच आहे. काही औषधे, काही आम्ले नलिकांच्या पेशी वेगळ्याने बाहेर ढकलतात हे खरे, पण मोठे काम ओतण्याचे आणि उचलण्याचे. गुंत्यातून पलीकडे गेलेले पाणी एका लांब, वळणावळणाच्या नलिकेत पडते. पहिल्याच वळणात दोन तृतीयांश पाणी आणि मीठ परत उचलले जाते. साखर निरोगी माणसात तिथेच जवळजवळ सगळी परत येते. पुढच्या वळणांत बाकीचे, गरजेप्रमाणे. आज पाणी कमी प्यायलात तर जास्त परत, जास्त प्यायलात तर कमी परत. १८० लिटरांतून शेवटी दीड-दोन लिटर उरते आणि ते मूत्राशयाकडे जाते. कालच्या जेवणातला एखादा रंग असो, गोळीतला एखादा घटक असो, ज्याला परत उचलणारे कुणी नाही तो आपोआप पुढे सरकतो. निसर्गात कधी नव्हते असे, कारखान्यात परवा तयार झालेले रेणूसुद्धा. शरीराला त्यांची ओळख असावी लागत नाही.

हे मनात नीट बसू द्या. डोळे मिटा हवे तर. श्वास आत घेताना म्हणा, ओतले. सोडताना म्हणा, उचलले. मंत्र म्हणून नव्हे, आत खरोखर चाललेले आहे म्हणून. तुमच्या एका सावकाश श्वासाच्या वेळात बारा-पंधरा मिलिलिटर पाणी गाळून पलीकडे जाते, आणि त्यातला थेंब-दोन थेंब सोडला तर सगळे परत येते.

अशा ओट्यांवर बसून शरीराचे मनन करण्याची रीत जुनी आहे. बौद्धांच्या सतिपट्ठान सुत्तात शरीराच्या एकतीस भागांची यादी आहे, केसांपासून सुरू होणारी, एकेका नावावर मन ठेवत पुढे जायची. तिच्यात हाडे आणि मज्जा झाली की लगेच दहावे नाव मूत्रपिंडाचे, वक्क. मूत्राचे नाव अगदी शेवटी, एकतिसावे. या दोघांचे नाते त्या यादीत कुठे नाही. असणार तरी कसे, ते कळायला भिंग आणि रसायनशास्त्र यावे लागले. त्या मननाचा हेतू देहाविषयीची ओढ सुटावी हा होता, किळस हे त्याचे साधन. मला ते साधन जमत नाही. साठ वेळा सांडून साठ वेळा भरून घेणाऱ्या अवयवाची किळस कशी यावी? पण एकेका भागापाशी थांबायची त्यांची शिस्त घेण्यासारखी आहे, आणि पुढचा भाग थांबल्याशिवाय समजणारा नाही.

पुढचा भाग आम्लाचा.

काल रात्री काय जेवलात ते आठवा. समजा मासवडी, रस्सा आणि बाजरीची भाकरी. मासवडीत बेसन, तीळ, खोबरे. बेसनात आणि तिळात प्रथिने, आणि प्रथिनांचे जे सुटे घटक असतात त्यातल्या मिथिओनिन आणि सिस्टीन या दोघांत गंधक असते. शरीराने ते जाळले की गंधकाचे काय होते? सल्फ्युरिक आम्ल. बॅटरीत असते तेच, प्रमाण अर्थात किरकोळ. असे सगळे मिळून माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे एक मिलिमोल आम्ल तयार होते. साठ किलोच्या माणसाला साठ. आता तो लक्षात ठेवलेला आकडा काढा: श्वासावाटे १५,०००. त्यापुढे साठ म्हणजे काहीच नाही. पण ते पंधरा हजार वायू होऊन उडून जातात. हे साठ वायू होत नाहीत. फुप्फुसांनी कितीही भाता चालवला तरी सल्फ्युरिक आम्ल श्वासातून जात नाही. त्याला एकच वाट आहे, आणि तिच्यावर तुमचे तळहात टेकले आहेत.

रक्ताला याबाबतीत सहनशीलता फार थोडी. त्याचा सामू, ज्याला सगळे पीएच म्हणतात, ७.३५ ते ७.४५ च्या मध्ये राहतो. त्या पातळीला एका लिटरात हायड्रोजनचे आयन असतात ४० नॅनोमोल. त्याच लिटरात सोडियम ३५ लाख पटींनी जास्त असते. इतकी विरळ गोष्ट इतक्या काटेकोरपणे सांभाळली जाते, कारण प्रथिनांचा आकार, आणि म्हणून त्यांचे काम, तिच्यावर अवलंबून असते.

आम्ल तयार झाले की ते रक्तात मोकळे हिंडत नाही. बायकार्बोनेट त्याला तिथल्या तिथे धरते. खाण्याच्या सोड्यात असते तेच बायकार्बोनेट. आम्लाचा एक कण, बायकार्बोनेटचा एक कण, दोन्ही संपतात, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उरतो, तो श्वासावाटे जातो. म्हणजे रक्त आंबट होत नाही, पण त्यातला सोडा खर्च होतो. रोज साठ मिलिमोल.

मूत्रपिंडापुढे आता दोन कामे. पहिले अजस्र आहे आणि त्याची कुणी दखल घेत नाही. रक्ताच्या पाण्याबरोबर बायकार्बोनेटही भिंतीपलीकडे सांडलेले असते: लिटरला २४ मिलिमोल, १८० लिटरांत ४,३२०. पेशींबाहेरच्या सगळ्या पाण्यात मिळून बायकार्बोनेट साधारण साडेतीनशेच असते. म्हणजे नलिकांनी उचलणे थांबवले तर दोन तासांत साठा संपेल. ते थांबवत नाहीत. पाचातले चार हिस्से पहिल्या वळणातच परत येतात, उरलेले पुढे, आणि मूत्रात जवळजवळ काही जात नाही.

परत येण्याची तऱ्हा बघण्यासारखी आहे. नलिकेची पेशी एक हायड्रोजन आयन नलिकेत ढकलते. तिथे त्याला सांडलेले बायकार्बोनेट भेटते आणि दोघांचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते. तो वायू पेशीत शिरतो. पेशीच्या आत तो पुन्हा पाण्याशी जुळून बायकार्बोनेट बनतो, आणि ते रक्ताकडे जाते. सांडले ते आणि परत आले ते तेच नव्हे. मोडून नव्याने जोडलेले आहे. यावर दोन-चार श्वास रेंगाळा. घाईने पुढे गेल्यास हा नुसता रसायनाचा धडा होतो.

दुसरे काम खर्च झालेले साठ भरून काढण्याचे. तेवढे आम्ल मूत्रात टाकले की तेवढे नवे बायकार्बोनेट रक्ताला मिळते. सोपे वाटते. पण मूत्र कितीही आंबट झाले तरी त्याचा सामू ४.५ च्या खाली जात नाही, आणि त्या पातळीला लिटरभर मूत्रात मोकळे हायड्रोजन आयन मावतात फक्त ०.०३ मिलिमोल. साठ मिलिमोल मोकळेच टाकायचे तर रोज दोन हजार लिटरच्या आसपास लघवी करावी लागेल. मग आम्ल जाते कसे? कुणाच्या तरी अंगावर बसून जाते. काही फॉस्फेट घेऊन जाते, जे जेवणातून आलेले आणि तसेही निघालेले असते. बाकीचे अमोनिया नेतो, आणि हा अमोनिया मूत्रपिंड स्वतः तयार करते, ग्लुटामिन नावाचा प्रथिनाचा घटक फोडून. त्या फोडण्यातूनच नवे बायकार्बोनेटही निघते. अमोनियम मूत्राकडे, बायकार्बोनेट रक्ताकडे. अमोनियम चुकून रक्तात परतला तर यकृत त्याचा युरिया करते आणि त्यात तेवढेच बायकार्बोनेट खर्ची पडते, मिळवलेले पुन्हा गेले. आम्ल वाढले तर फॉस्फेट फारसे वाढवता येत नाही, अमोनिया मात्र काही दिवसांत कितीतरी पट वाढतो. ते दिवस लागतातच.

डोळे उघडा, खोलीतून बाहेर या. लेणी दक्षिणेकडे तोंड करून आहेत, समोर कुकडीचे खोरे आणि पलीकडे शिवनेरी. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे ही धरणे झाली, पाणी फिरले, ऊस वाढला आणि उसात बिबटे राहू लागले, इतके की माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावे लागले. खाली गोठ्यात बैल आहेत. बैल कडबा आणि हिरवा चारा खातो, आणि चाऱ्यातले सेंद्रिय क्षार जळून बायकार्बोनेट मागे ठेवतात. त्याचे मूत्र अल्कली. बिबट्याचे सगळे जेवण मांस, गंधकाने भरलेले, आणि त्याचे मूत्र आम्ल. दोघांच्या रक्ताचा सामू मात्र जवळपास सारखा.

फ्रान्समध्ये क्लोद बर्नारच्या प्रयोगशाळेत एकदा बाजारातून ससे आणले होते. त्यांचे मूत्र स्वच्छ आणि आम्ल निघाले, मांसाहारी जनावरासारखे. सशाचे असते गढूळ आणि अल्कली. बर्नारने ओळखले की ससे उपाशी आहेत आणि स्वतःचेच मांस जाळत आहेत. गवत घातले, मूत्र पुन्हा गढूळ झाले. हे त्याने १८६५ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे. कडक उपास करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे: त्या दिवशी तुमचे मूत्रपिंड मांसाहारी जेवणाचा हिशेब करत असते. आणि जाता जाता, जिभेला आंबट लागते ते रक्ताला आंबट करतेच असे नाही. फळभाज्यांतले सायट्रेट शरीरात जळून बायकार्बोनेटच होते. ‘अल्कलाइन’ पाण्याच्या महागड्या बाटल्यांनी निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू हलत नाही. हलला तर मूत्राचा.

हे सगळे किती काळ बिनबोभाट चालते याचाच धोका आहे. गुंते बाद होत जातात, उरलेले जास्त ओढतात, आणि निम्म्याच्या आसपास क्षमता जाईपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन फारसे बोलत नाही. मधुमेह आणि रक्तदाब ही नेहमीची कारणे. त्या आधी भिंत ढिली पडून अल्ब्युमिन मूत्रात झिरपू लागते, म्हणून मूत्राची साधी तपासणी आधी काही सांगून जाते. आणखी एक गोष्ट आपल्या शिवारातली. एप्रिल-मेच्या उन्हात टोमॅटो तोडताना पाणी कमी पडते, संध्याकाळी अंग ठणकते, दुकानातून वेदनाशामक गोळी येते. अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंड आपल्याकडचा रक्तपुरवठा ज्या रेणूंच्या जोरावर टिकवते, नेमके तेच रेणू या जातीच्या गोळ्या अडवतात. एखाद्या गोळीने बहुधा काही होत नाही. रोजच्या गोळीचे तसे नाही.

गुंते फार कमी उरले की अमोनिया बनवणे घटते. रोजचे साठ साठत जातात. शरीर मग हाडांतला क्षार वापरते, स्नायू झिजवते, आणि श्वास खोल होतो, कारण फुप्फुसांना आपल्या परीने भरपाई करावी लागते. डॉक्टर कधी सोड्याच्याच गोळ्या देतात, मोजून. मनाने घ्यायच्या नाहीत, त्यात सोडियम असते.

आता शेवटचे बसणे. पुन्हा ओट्यावर या, तळहात मांडीवर ठेवा, आणि ज्यांची मूत्रपिंडे थांबली आहेत त्यांच्याकडे मन न्या. जुन्नर-आंबेगावातल्या कितीतरी वाड्या-वस्त्यांवरून अशी माणसे आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिसला निघतात, चार तास यंत्राला जोडून घेतात आणि घरी येतात. असे पहिले चालते यंत्र विलेम कोल्फने १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, सॉसेजचे वेष्टन म्हणून वापरायच्या सेलोफेनच्या नळीतून केले. आजची नळी निराळी, पण अडचण तीच. पातळ पापुद्र्यातून सगळे पलीकडे जाते आणि परत उचलणारी पेशी तिथे एकही नाही. त्यावर तोड अशी की जे जाऊ द्यायचे नाही ते पलीकडच्या द्रवात आधीच घालून ठेवायचे. सोडियम, थोडे पोटॅशियम, कॅल्शियम, सगळे मोजून. म्हणजे ओढ उरत नाही आणि ते रक्तातच राहते. युरिया द्रवात नसतो, म्हणून तो निघून जातो. मिनिटाला अर्धा लिटर धरला तर चार तासांत १२० लिटर द्रव एका माणसासाठी वाहून जातो. बायकार्बोनेट त्यात रक्तापेक्षा जास्त ठेवतात, ३२ ते ३५ मिलिमोलच्या आसपास. ते चार तासांत रक्तात उतरते, आणि पुढच्या खेपेपर्यंत रोजच्या जेवणातून तयार होणाऱ्या आम्लावर थोडे थोडे खर्च होत राहते.